सकाळचं फूल

१२ ऑक्टोबर १९४३

डॉक्टरांनी आज बागेत बसायची परवानगी दिली. बसायची, काम करायची नाही. खुर्ची कुठे ठेवायची, ऊन कुठवर घ्यायचं, काठी कुठल्या हातात धरायची, सगळं समजावून गेले. मी अमरावतीच्या कोर्टात नाझर होतो. जप्त्या केल्या, लिलाव केले, भल्याभल्यांचं खोटं त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं. आता मला काठी धरायला शिकवतात. काम करू नका म्हणाले, पण लिहू नका असं काही म्हणाले नाहीत. म्हणून ही वही काढली.

भाद्रपदात छातीत कळ आली आणि मी आडवा झालो. पुढचे दिवस धड आठवत नाहीत. शुद्धीवर आलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं. तिवशाहून सुनेचा भाऊ उद्धव आलेला, शेजारचे उत्तमराव वकील खाटेशी बसलेले, त्यांच्या प्रमोदिनीबाई दाराशी उभ्या. सगळ्यांचे डोळे लाल. विमलचे, म्हणजे माझ्या सुनेचे, तर सुजून उघडत नव्हते. एवढे लोक माझ्यासाठी रडले हे पाहून, खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. नाझराच्या वाट्याला हे सहसा येत नाही.

कमलाकांत मात्र नव्हता. माझा एकुलता एक मुलगा. अकोल्याला जिनिंगमध्ये इंजिनं सांभाळत होता, तिथून लष्कराच्या मोटारदुरुस्तीत गेला, आता ब्रह्मदेशाच्या हद्दीवर कुठेतरी आहे. कुठे, ते त्यांना लिहू देत नाहीत. त्याला माझ्या आजाराचं कळवलं का, म्हणून विमलला विचारलं. ती म्हणाली, "लढाईवरून असं सोडत नाहीत, मामंजी." तेही खरंच.

१५ ऑक्टोबर

दसरा झाला की गुलाब छाटायचे आणि मुळं उघडी करून आठवडाभर उन्हाला द्यायची. दर वर्षी मी आणि कमलाकांत करतो. या वर्षी छाटणी गंगूबाईने केली. ती आमच्याकडे धुणीभांडी करते. मी खुर्चीतून ओरडत होतो, बाहेरच्या डोळ्यावर काप, तिरपी काप, आणि ती म्हणत होती, "मालक, तुमी गप बसा बरं. तुमी असे कल्ला करून राह्यले तर मी कापू कशी?" पॉल नेरॉनची एक चांगली फांदी तिने उडवलीच.

आमच्या बागेत कोण कोण आहे ते एकदा लिहून ठेवतो. पॉल नेरॉन, फूल पानकोबीएवढं, पाहुणे आले की आधी त्याच्यापाशी जातात. ला फ्रान्स, याचा कलमाचा डोळा कमलाकांतने अकोल्याच्या साहेबाच्या बंगल्यातून आणला, वासाला याच्यासारखा दुसरा नाही. ब्लॅक प्रिन्स, रंग काळसर लाल, पण आमच्या उन्हात पाकळ्यांच्या कडा करपतात. पांढरा ड्रुश्की, नावाने जर्मन बाई, रूप देखणं आणि वास शून्य. भिंतीवर मार्शल नीलचा वेल, पिवळा, फूल कायम मान खाली घालून. आणि एडवर्ड. बाराही महिने फुलतो म्हणून त्याला कुणी गुलाबात धरत नाही, पण या सगळ्या बड्या लोकांचे डोळे त्याच्याच खोडावर बांधलेले आहेत.

एडवर्डचं एक झाड मी मुद्दाम छाटू दिलं नाही. रोज सकाळी चहाच्या आधी मी एक फूल कापून विमलला देतो आणि ती माझ्यासमोर ते अंबाड्यात खोचते. आधी हा मान माझ्या बायकोचा होता. ती गेल्यावर वर्षभर बागेकडे फिरकलो नव्हतो. मग विमल सून होऊन आली. घरातली सवाष्ण फूल माळून वावरली की घर घरासारखं वाटतं, मग मी चहा घेतो.

२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. भाऊबिजेला उद्धव आला होता. बहिणीला लुगडं आणलं ते कसलं, तर पांढऱ्यावर बारीक राखी ठिपके. मी म्हणालो, अहो, दिवाळीला हे काय? तो गडबडला. लढाईमुळे कापड मिळत नाही म्हणाला. विमलने घेऊन पेटीत टाकलं. शहाणी आहे, भावाला लाजवलं नाही.

उद्धवला माझी काळजी मात्र भारी. डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारत होता, मामंजी पूर्ण बरे कधी होतील, हिंडूफिरू कधी लागतील. बहिणीच्या सासऱ्याची एवढी चौकशी आजकाल कोण करतं!

१४ नोव्हेंबर

विमलवर चिडलो. डॉक्टर आले तेव्हा तिने सांगितलं, मामंजींना अजून धाप लागते, परवा पायरीवर बसकण मारली. मी कधी बसकण मारली? चपलेत खडा गेला होता म्हणून टेकलो. तिने असं तोंड करून सांगितलं की डॉक्टरांनी आणखी दोन महिने विश्रांती लिहून दिली. ही पोर मला बरं होऊ देत नाही. तसं म्हणालोही. तर हसली, खूप दिवसांनी. म्हणाली, "होऊ ना सावकाश. घाई काय आहे?"

२८ नोव्हेंबर

ला फ्रान्सचं पहिलं फूल. गुलाबी, आतून रुपेरी. वासाने गंगूबाईसुद्धा भांडी टाकून आली.

विमलला दिलं. रोजच्यासारखं विचारलं, कमलाकांतची काही खबर? ती म्हणाली, बरे आहेत, तिकडे पाऊस संपला, रस्ते वाळले, काम वाढलं. पत्र कधी आलं ते मी विचारत नाही. नवऱ्याचं पत्र सासऱ्याने मागायचं नसतं, एवढी रीत मला आहे. मी म्हणालो, त्याला कळव, तुझा ला फ्रान्स फुलला. तो आला की अकोल्याच्या साहेबाकडून आणखी दोन डोळे आणू म्हणावं, विहिरीपलीकडची जागा रिकामी आहे. ती म्हणाली, "तिथे दोन नाही, तीन बसतील. ते म्हणायचे, उत्तरेकडून सावली येते म्हणून थोडं अलीकडे घेऊ." मग आम्ही दोघांनी काठीने जागा आखली. सकाळ कशी गेली कळलं नाही.

९ डिसेंबर

एक विचित्र. विमल आज म्हणाली, मामंजी, पांढरं द्या ना. मी म्हणालो, पांढरं देवाला, सवाष्णीने लाल नाही तर गुलाबी माळावं. आणि ड्रुश्कीला वास तरी आहे का? ब्लॅक प्रिन्स दिला तो तिने घेतला, खोचला.

दुपारी गंगूबाई झाडताना तेच फूल घेऊन आली. झाडाच्या बुंध्याशी ठेवलेलं होतं, पाणी शिंपडून. "बाई रोजच ठेवते," म्हणाली, "तुमी आत गेले का काढते अन् ज्या झाडाचं त्याच झाडापाशी नेऊन ठेवते." आणि लगेच जीभ चावून भांड्यांकडे पळाली. मला फार लागलं. नको असेल तर सांगावं, माझ्यासमोर माळायचं आणि पाठ फिरली की काढायचं हे कशासाठी? नव्या मुलींना अंबाड्यात फूल जुनाट वाटत असेल. तिच्यापाशी काही बोललो नाही.

१९ डिसेंबर

उत्तमरावांच्या पुतणीचं लग्न. अख्खी अंबापेठ गेली, विमल गेली नाही. तुम्हाला एकटं कसं टाकू म्हणाली. मी म्हणालो, गंगूबाई आहे की. तरी नाही. माझ्यापायी ही घरात कोंडून घेते. कमलाकांत आला की मला रागावेल.

मार्शल नीलला कळ्या धरल्या आहेत.

१७ जानेवारी १९४४

संक्रांत झाली. बाग अशी भरली आहे की रस्त्यावरचे लोक थांबतात. प्रमोदिनीबाईंचं हळदीकुंकू येत्या शनिवारी. दर वर्षी त्यांच्या हळदीकुंकवाला फुलं माझ्या बागेतून जातात. प्रत्येक बाईला तिळगूळ, अत्तर आणि एक गुलाब. काल त्या कुंपणाशी आल्या, फुलांचं सांगून गेल्या. विमल विहिरीवर होती. तिला बोलावणं केलं नाही. विसरल्या असतील. उद्या करतील.

२१ जानेवारी

अजून बोलावणं नाही. आळीत घरोघर जाऊन आल्या, गंगूबाईकडून कळलं. आमचं घर तेवढं वगळलं. मार्शल नीलची पानं उत्तमरावांच्या अंगणात पडतात म्हणून गेल्या वर्षी बोलाचाली झाली होती, तेच डोक्यात धरलं असणार. पानांसाठी माझ्या सुनेचा अपमान! फुलं माझी हवीत, सून नको. विमलला म्हणालो, मी जाऊन विचारतो. तिचा चेहरा उतरला. "मामंजी, माझी शपथ आहे, जाऊ नका. मलाच जायचं नाही." बिचारी भांडणाला भिते.

२२ जानेवारी

गेलो.

टोपली मी स्वतः नेली. विमल मागच्या दारी होती, तिला सांगितलं नाही. उत्तमराव ओसरीवर होते, आत बायका बसलेल्या. मी तिथेच, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, माझ्या सुनेने काय पाप केलं म्हणून तिला बोलावलं नाही? उत्तमराव म्हणाले, काका, आधी बसा. मी म्हणालो, बसायला आलो नाही. पानं पडतात तर वेल तोडून टाकतो, पण पोरीला कुंकू लावा.

प्रमोदिनीबाई दारात आल्या. हातात गुलाबदाणी होती. माझ्याकडे बघून त्यांना रडू फुटलं.

"काका, तुमच्या जिवासाठी आम्ही सगळं केलं हो. सगळ्या आळीने केलं. पण एवढं आमच्याने नाही होत. सवाष्णींत कसं बसवू तिला?"

मी टोपली खाली ठेवली. मग बसलो.

२४ जानेवारी

माझा मुलगा गेला. भाद्रपदात गेला. मी आडवा पडल्यावर दोन दिवसांनी तार आली. उत्तमरावांनी सगळं सांगितलं. धक्का बसला तर हातचे जातील असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा उद्धवने सुचवलं की मामंजी बरे होईपर्यंत विमलचं कुंकू राहू द्यावं, बरे झाले की तो तिला तिवशाला नेईल. आळीतल्या जाणत्या बायकांनीही मान डोलावली. एका माणसाचा जीव वाचतो तर चालेल म्हणाल्या. मुलांनाही ताकीद दिली.

ते लाल डोळे माझ्यासाठी नव्हते. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं.

लोकांचं खोटं चेहऱ्यावरून ओळखणारा मी, आणि माझ्या घरात चार महिने, माझ्या डोळ्यांसमोर. कमलाकांत, बाळा, तुझ्या नावाने पाणीसुद्धा सोडलं नाही रे मी. इथे बसून पानकोबीएवढी फुलं मोजत होतो.

विमलला अजून ठाऊक नाही की मला कळलं. मीच उत्तमरावांना बोलू नका म्हणालो. आज सकाळी फूल कापून दिलं. तिने अंबाड्यात खोचलं. रोजचा प्रश्न माझ्या तोंडून निघेना. तर तीच म्हणाली, "आज विचारलं नाही, मामंजी?" मग आपणच सांगू लागली, तिकडे थंडी फार आहे म्हणतात, स्वेटर विणायला घेतला आहे, बाह्या किती घेऊ, तुमच्या मापाने चालतील का? माझ्या मनगटापासून खांद्यापर्यंत वीत लावून मापही घेतलं.

पोरीला माझ्यासाठी काय काय करावं लागतं आहे. स्वतःचा नवरा गेलेला आणि म्हाताऱ्याला जगवायला त्याच्या बाह्यांची मापं घ्यायची. रडायलासुद्धा तिला जागा ठेवली नाही आम्ही. हे मला बघवत नाही.

२७ जानेवारी

आज सांगून टाकलं.

फार विचार केला होता. तिच्या डोक्यावरचं ओझं काढायचं, दोघांनी मिळून एकदा पोटभर रडायचं, मग मी तिला लेकीसारखं सांभाळीन, असं मनाशी ठरवलं होतं. ला फ्रान्सचं फूल दिलं. तिने घेतलं. ती खोचणार तोच मी म्हणालो, "विमल, आता पुरे कर, बाळ. मला माहीत आहे."

हात तसाच मानेपाशी राहिला. मला वाटलं होतं ती माझ्या पायाशी कोसळेल, मी तिच्या डोक्यावरून हात फिरवीन. तसं काही झालं नाही. "कधीपासून?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. तिने फूल खाली केलं, झाडाच्या बुंध्याशी ठेवलं आणि आत गेली. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आली तेव्हा कपाळ मोकळं होतं. अंगावर उद्धवने आणलेलं ठिपक्यांचं लुगडं होतं.

चहा प्यालो नाही.

३० जानेवारी

गंगूबाई माझ्याशी बोलत नाही. भांडी आपटते. आज मी विचारलंच, माझं काय चुकलं? ती म्हणाली, "मालक, तुमाले कोनं सांगतलं होतं तोंड उघडाले? माहीत झालं तं झालं, गिळून घ्याचं. बाई सकाळचा एक घंटा तं हासत होती." आणि पदर तोंडाला लावून गेली.

मला राग आला, मग राग राहिला नाही.

संध्याकाळी विमलला बोलावलं. म्हणालो, मी घरातला कर्ता आहे, मी सांगतो, कुंकू लाव, फूल माळ, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. तुला कुठे जायचं नाही. ती शांतपणे ऐकत होती. मग इतक्या दिवसांत जे कधी बोलली नव्हती ते बोलली.

"कुंकवाचं काय घेऊन बसले, मामंजी. सगळ्यांना वाटे, मी तुमच्यासाठी करून राहिले. आधी मलाही तसंच वाटलं. पण तुम्ही रोज म्हणायचे, कमलाकांत आला की हे करू, ते करू. तेवढा वेळ ते यायचे असत. घरात पाऊल टाकलं की नसत. तुम्हाला माहीत नव्हतं तोवर एका माणसासाठी तरी ते होते ना. मी त्या माणसापाशी येऊन बसायची."

मग म्हणाली, "मी डॉक्टरांना खोटं सांगायची. तुम्ही बरे होऊ नये असं मला वाटायचं. माफ करा." आणि वाकून नमस्कार केला.

मी काय माफ करू? तिने मला माफ करावं, तर तसं म्हणायलाही तोंड नाही. मला वाटलं होतं मी तिचं ओझं उतरवतो आहे. तारेने तो माझ्यासाठी गेला नाही, तिच्यासाठीही पुरता गेला नाही. माझ्या बोलण्याने गेला. त्या बागेत आम्ही दोघे मिळून त्याला सांभाळत होतो आणि त्यातलं मला काही कळलं नाही.

३ फेब्रुवारी

उद्धव येऊन गेला. मामंजी आता हिंडूफिरू लागले, सगळं समजलंही, तेव्हा ठरल्याप्रमाणे रविवारी तिला नेतो म्हणाला. वाईट माणूस नाही. तिथे त्याची आई आहे, मोठं घर आहे. विमलला विचारलं, राहतेस का? म्हणाली, "इथे कुठे बघू, मामंजी? जिकडे बघावं तिकडे तेच." विहिरीपलीकडे आम्ही आखलेल्या रेघा अजून पुसल्या नाहीत.

डॉक्टर तपासून गेले. छाती ठणठणीत आहे म्हणाले.

६ फेब्रुवारी

रविवार. सकाळी लवकर उठून बागेत गेलो. विमल माझ्या आधीच तिथे होती, पाणी घालत होती. बुंध्याशी पाणी नीट जिरेपर्यंत थांबायची, मग पुढच्या झाडाशी जायची. कमलाकांतने शिकवलं होतं तिला.

मी कात्री घेऊन तिच्यापाशी गेलो. रात्रभर एकच घोकत होतो की अजून उशीर झाला नसेल. माणूस म्हातारा होतो, विसरतो, विसरू शकतो. एकदा तिने उत्तर दिलं तर मी मरेपर्यंत रोज विचारीन, आणि मग ती जाणार नाही. आवाज नेहमीसारखा काढला.

"विमल, कमलाकांतची काही खबर?"

तिने तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, मला वाटलं आता सांगते, थंडी कमी झाली, रस्ते सुकले, काहीही. मी वाट बघत होतो. इतकी वाट मी आयुष्यात कशाची बघितली नाही.

मग तिने माझ्या हातातली कात्री हळूच काढून घेतली. म्हणाली, "मामंजी, ऊन चढलं. आत चला."

ऊन अजून भिंतीवरसुद्धा आलं नव्हतं. मी तिचा हात धरून आत आलो. दारात उद्धवची गाडी उभी होती आणि गंगूबाई तिची पेटी बाहेर नेत होती.